आपुलकीचे, परंतु

९ जानेवारी, गुरुवार

ही वही हिने आणून दिली. म्हणाली, "दिवसभर माझ्याशी वाद घालता, त्यापेक्षा इथे घाला." छापखाना बंद पडल्यापासून मी घरी आहे. उभा जन्म प्रुफं तपासण्यात गेला, लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारून पोट भरलं. आता घरात चुका काढायला ही एकटीच उरली आहे, आणि ती काढू देत नाही.

ही रुग्णालयाच्या धुलाई विभागात आहे. चादरी मोजून घेते, मोजून देते. घर तिच्या पगारावर चाललंय. ती तसं कधी बोलून दाखवत नाही, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट आहे. परवा मला ब्लेडं हवी होती, तर तिच्याकडे पैसे मागण्यापेक्षा मी दाढी वाढवली. हिला म्हणालो, नवी फॅशन आहे. ती म्हणाली, "कुणाची? छळलेल्या माणसांची?"

फोनवर एक जाहिरात आली आहे. दुकानात साधं गिऱ्हाईक म्हणून जायचं, कर्मचारी नीट वागतात का ते गुपचूप बघायचं, आणि कळवायचं. खरेदीचे पैसे परत, वर मोबदला. 'गूप्त ग्राहक' म्हणतात. 'गु' दीर्घ छापलाय. तिथेच खरं तर मला शंका यायला हवी होती. संध्याकाळी मेहुणा आला होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, "भाऊजी, खरेदी करायचे कोण पैसे देतं? शुद्ध लबाडी आहे." त्याचं तोंड बघून मला वाटलं, आता तर करायचंच.

११ जानेवारी, शनिवार

नोंदणीचे म्हणून पैसे भरले. भरल्याबरोबर तो जाहिरातवाला माणूस गडप. फोन लागत नाही. नाव नाही, पत्ता नाही. मी मूर्ख. हिला सांगितलं की त्या पैशांत चष्म्याची दांडी बदलून घेतली. तिने चष्मा हातात घेतला, इकडून तिकडून पाहिला आणि म्हणाली, "छान बसवली हो, जुनीच वाटते." आणि स्वयंपाकघरात गेली. जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

२० जानेवारी, सोमवार

तरी मी तो नाद सोडला नाही. वाचनालयात बसून चौकशी केली, जुन्या मासिकातला लेख सापडला, छापखान्यातल्या एका जुन्या सोबत्याच्या सुनेने हे काम केलेलं निघालं. एकूण समजलं ते असं: हा धंदा खोटा नाही. मोठमोठ्या दुकानांच्या कंपन्या एजन्सीला पैसे देऊन हे करून घेतात. खोटे कोण ते ओळखायचं सोपं आहे. खरी एजन्सी तुमच्याकडे पैसे मागत नाही. ती देते, आणि थोडेच देते.

त्या सुनेने दिलेल्या नंबरावर फोन केला. एक मॅडम बोलल्या, आवाज गोड. माझी परीक्षा म्हणून एका दुकानाच्या भेटीचा उतारा पाठवला, त्यात काय काय दिसलं ते लिहून पाठवायचं होतं. मी उताऱ्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकाही पाठवल्या. मॅडम हसल्या. "सर, तुम्ही आमच्या कामाचे आहात." कुणाच्या तरी कामाचे आहोत हे ऐकायला कान आसुसले होते. दिवसभर मी तेच वाक्य घोळवत होतो.

२७ जानेवारी, सोमवार

पहिलं काम. एक कॉफीचं दुकान. आत गेल्यावर कुणी मान वर करून बघतं का, टेबल ओलसर आहे का, हात धुवायच्या जागी साबण आहे का. साबण होता, पण बाटलीचं तोंड बंद झालेलं. ते मी लिहिलं. कित्येक महिन्यांनी स्वतःच्या पैशाने कॉफी प्यालो. म्हणजे त्यांच्या पैशाने, पण खिशातून मीच काढले. इतकी मजा आली की लाज वाटली. एवढं काय त्यात?

६ फेब्रुवारी, गुरुवार

पैसे आले. खरोखर आले. मेहुण्याला फोन करून सहज म्हणून सांगितलं. तो "हं" म्हणाला. त्या 'हं'साठी मी दुप्पट कॉफी प्यालो असतो.

हिला सांगितलंय की सर्वेक्षणाचं काम आहे. खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. एजन्सीचा नियम आहे, घरी-दारी कुणाला सांगायचं नाही. नियम नसता तरी सांगितलं नसतं. गिऱ्हाईक असल्याचं सोंग करतो हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगणार? हिच्यासाठी पायाला लावायचं मलम आणलं. धुलाईत दिवसभर पाण्यात उभी असते. तिने मलम लावलं आणि पहिल्यांदाच म्हणाली, "बरं झालं तुम्हाला काम मिळालं."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आजचं काम बुटांच्या दुकानात. एजन्सीने गोष्ट दिली होती: तुम्हाला नोकरीच्या मुलाखतीला जायचंय, काळे बूट हवेत. मला काही रंगवावं लागलं नाही, गोष्ट माझीच होती.

दुकान मोठं, चकचकीत. एक बाई पुढे आली, तिशीतली असेल. बुटक्या स्टुलावर बसून माझा पाय स्वतः हातात घेतला. मला कसंतरीच झालं. मोजा अंगठ्याशी फाटलेला, आणि तो तिच्या नाकासमोर. तिने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मी मुलाखतीचं सांगितलं तर म्हणाली, "काका, या वयात पुन्हा नोकरी? आधी काय करत होता?" मी छापखान्याचं सांगितलं. प्रुफं म्हणजे काय तेही सांगितलं. ती खरंच ऐकत होती. बूट चढवून चार पावलं चालायला लावलं आणि स्वतःच तोंड वाकडं केलं.

"नका घेऊ काका. हा चावतो, सगळ्यांचीच तक्रार आहे. आणि इतके पैसे आत्ता कशाला घालवता? तुमचे जुने चांगले आहेत. वरच्या रस्त्याला बूट दुरुस्त करणारा बसतो, त्याच्याकडून नवा तळ बसवून घ्या. नोकरी लागली की या, तेव्हा मी तुम्हाला झकास जोडी काढून देते."

मी म्हणालो, पण मुलाखतीला जुने बूट?

"मुलाखत घेणारे पायाकडे कुठे बघतात? ताठ बसा म्हणजे झालं." दारापर्यंत सोडायला आली. "देव करो आणि लागो तुम्हाला."

बाहेर येऊन कितीतरी वेळ रस्त्याच्या कडेला उभा होतो. मला कुणी असं बोलून फार दिवस झाले होते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

अहवाल पाठवला. प्रश्न साधे, हो की नाही एवढेच. ग्राहकाला 'सर' किंवा 'मॅडम' म्हटले का? नाही. सोबत मोजे आणि पॉलिश घेण्याचा आग्रह केला का? नाही. ग्राहकाला दुसऱ्या दुकानाकडे वळवले का? हो. दुकानातील मालाबद्दल वाईट बोलले का? हो.

तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण खाली 'इतर निरीक्षणे' अशी मोकळी जागा होती, आणि मोकळी जागा बघितली की माझा हात थांबत नाही. मला त्या बाईबद्दल चांगलंच लिहायचं होतं. दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा मनासारखं जमलं. 'कर्मचारी महिलेचे वर्तन आपुलकीचे, परंतु व्यावसायिक मर्यादांचे भान नसलेले. ग्राहकास "काका" असे संबोधून तिने जुन्याच पादत्राणांस नवा तळ बसवून घेण्याचा सल्ला दिला.' वाक्याला तोल आहे. स्वल्पविराम अगदी जागच्या जागी पडलाय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडमचा फोन. कंपनीला अहवाल फार आवडला. नवीन लोकांना नमुना म्हणून दाखवणार आहेत. दिवसभर शीळ घालत होतो. ही म्हणाली, "लॉटरी लागली का?"

३ मार्च, सोमवार

जुन्या बुटांना खरंच नवा तळ बसवून घेतला. म्हटलं, जाताजाता त्या बाईला दाखवावा. बाई नव्हती.

गल्ल्यावरचा माणूस गप्पिष्ट निघाला. म्हणाला, "तिला काढली. ते गुप्त गिऱ्हाईक येतात ना, कोण येतं कळत नाही, त्यातला एक येऊन गेला. लय पोचलेला असणार. मॅनेजरने सगळ्यांना उभं करून ते वाचून दाखवलं. आपुलकीचे परंतु, व्यवसायिक मर्यादांचे भान नसलेले!" दोघं-तिघं हसले. आता त्यांच्यात तीच चेष्टा चालते. कुणी चहात साखर जास्त घातली तरी म्हणतात, आपुलकीचे परंतु.

त्याने 'व्यवसायिक' म्हटलं. आणि स्वल्पविराम परंतुच्या पुढे घेतला. माझ्या तोंडात "व्यावसायिक" आलंच होतं, ओठापर्यंत आलं होतं. एका बाईची नोकरी गेली आणि मी 'व्या' सुधारायला निघालो होतो.

घरी कसा आलो आठवत नाही. हिने विचारलं, तोंड का उतरलंय? म्हटलं, ऊन.

४ मार्च, मंगळवार

एजन्सीच्या मॅडमना फोन केला. माझ्या अहवालामुळे कुणाला काढलं का, विचारलं. त्या म्हणाल्या, "सर, आपण फक्त काय घडलं ते सांगतो. निर्णय कंपनीचा असतो. तुम्ही काही खोटं लिहिलंत का?"

नाही.

"मग झालं तर."

बेकायदा काही नाही, खोटं काही नाही, कुणाचे पैसे बुडवले नाहीत. जानेवारीतल्या त्या चोराने निदान माझ्याच खिशात हात घातला होता.

९ मार्च, रविवार

आज हिला सगळं सांगून टाकलं. नोंदणीचे बुडालेले पैसे, चष्म्याची दांडी, कॉफी, बूट, सगळं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, घालतच राहिली. मला वाटलं चिडेल. तिने एवढंच विचारलं, "तिने तुम्हाला काका म्हटलं ते लागलं का?"

मी म्हणालो, छे, नियमात होतं म्हणून लिहिलं.

"नियमात 'नाही' एवढं लिहून भागत होतं. काका म्हणाली हे तुम्ही वेगळं लिहिलंत." मग थोडं हसून म्हणाली, "आजोबा म्हणाली असती तर बिचारीला फाशीच दिली असतीत."

मी रागावलो. मी म्हणालो, तुला भाषेतलं काय कळतं? त्या वाक्यात मी 'आपुलकीचे' आधी घातलंय, परंतु नंतर. ती म्हणाली, "लोक परंतुच्या पुढचंच वाचतात." नंतर घड्या कपाटात ठेवताना म्हणाली, "तिच्याकडे जा आणि तोंडाने सांगा. लिहून नको."

त्या वाक्याचा मला अजूनही आतून थोडा अभिमान वाटतो. हे मी दुसऱ्या कुणापाशी कबूल करणार नाही.

१३ मार्च, गुरुवार

गेलो. गल्ल्यावरच्या माणसाने पत्ता सांगितला, मी तिचा नातेवाईक असल्याची थाप मारली. तिच्या बहिणीचं शिवणकामाचं छोटं दुकान आहे, तिथे ती काजं-बटणं करायला बसते. दोन मशीन, एक पंखा, मधे कापडाचा ढीग. बहीण मापं घ्यायला कुठे गेली होती.

मला बघून ती क्षणभर थांबली. मग सुई कापडात टोचून ठेवली आणि म्हणाली, "या काका. बसा. मुलाखतीचं काय झालं?"

घरून वाक्य पाठ करून आलो होतो, ते राहिलं बाजूला. म्हणालो, "तशी नोकरी नाही, पण एक काम मिळालंय."

"कसलं?"

"दुकानांत जायचं. गिऱ्हाईक म्हणून. आणि..." पुढचं सांगणारच होतो. शपथेवर सांगतो, सांगणारच होतो.

"ते गुप्त गिऱ्हाईकवालं?" ती म्हणाली. "आमच्याकडे पण आला होता एक. माझ्याबद्दल लिहून गेला. मॅनेजरने सगळं वाचून दाखवलं, काका म्हणाली, तळ बसवायला सांगितलं, सगळं. लिहिलं मात्र सुरेख होतं हो. धड्यातल्यासारखं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही छापखान्यात होता ना? तुम्हाला ठाऊक असेल, असं लिहायला किती वेळ लागतो?"

मी म्हणालो, "सरावावर असतं."

"तेच म्हटलं."

बाईची स्मरणशक्ती दांडगी आहे. एकदाच बोललो होतो, तरी छापखाना लक्षात ठेवलाय. पण नशीब माझं, तिला दोन्हीचा मेळ बसला नाही. दिवसाला किती गिऱ्हाईकं येत असतील, तिने तरी कुणाकुणाला काय सांगितलं हे कसं लक्षात राहावं? तळ बसवायला ती आणखी दहाजणांना सांगत असेल.

मी तोंड उघडलं तर तीच म्हणाली, "त्या कामाला शिक्षण किती लागतं?"

"कशाला?"

"मला मिळेल का बघा ना. काजं करून भागत नाही. धाकटीची शाळा आहे. बहिणीच्या जिवावर किती दिवस बसू?" आणि आवाज खाली आणून म्हणाली, "फसवत तर नाहीत ना पण? आधी पैसे भरा वगैरे?"

"नाही," मी म्हणालो. "ही एजन्सी खरी आहे."

"मग माझं नाव घाला. तुम्ही एवढं कराल माझ्यासाठी?"

तिने 'एवढं'वर जरा जोर दिला असं मला वाटलं. बहुतेक गरज असलेल्या माणसाचं बोलणं तसंच असतं. मी तिथल्या तिथे मॅडमना फोन लावला. निघताना ती म्हणाली, "उपकार झाले." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१४ मार्च, शुक्रवार

हिने विचारलं, "सांगितलंत?"

म्हणालो, "तिला काम मिळवून दिलं."

"ते नाही विचारलं मी."

२४ मार्च, सोमवार

खात्यात एजन्सीकडून जादा रक्कम जमा झाली आहे. चूक झाली असेल म्हणून मॅडमना विचारलं. म्हणाल्या, "सर, नवीन माणूस आणलात ना, त्याचं बक्षीस." परत करतो म्हणालो तर त्यांनी कारण विचारलं. म्हटलं, असू दे. मॅडम म्हणाल्या की त्या बाई फार हुशार आहेत, नजर बारीक आहे. माझा नमुना अहवाल त्यांना अभ्यासाला पाठवला आहे.

म्हणजे आता माझं ते वाक्य तिच्या घरी आहे. एजन्सी नमुन्यावर लिहिणाऱ्याचं नाव ठेवत नाही, हे दोनदा विचारून खात्री करून घेतली.

२ एप्रिल, बुधवार

संध्याकाळी तिचा फोन आला. ही समोरच बसली होती, मी बाहेर जिन्यात गेलो.

तिचं पहिलं काम झालं. मिक्सरच्या दुकानात पाठवलं होतं. तिथला माणूस वयस्क, बायकोचं आजारपण काढलेला, तिला सगळं सांगत बसला. तिने महागडा मिक्सर बघितला तर त्याने मालकाकडे नजर टाकून हळूच म्हटलं, हा घेऊ नका ताई, वर्षात जळतो, तो खालचा स्वस्त आहे तो टिकतो.

"नियमात बसत नाही ना ते?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. आणि मग, का कुणास ठाऊक, भराभर बोलत सुटलो. म्हटलं, हो-नाहीच्या चौकटीत असतं तेवढंच भरा. मोकळ्या जागेत काही लिहू नका. ती जागा सोडून द्या. किंवा ते सांगूच नका, त्याने काही म्हटलंच नाही असं समजा, कोण बघायला येतंय?

"उशीर झाला काका. पाठवलं मी. तुमच्या त्या नमुन्यासारखंच लिहिलं. आपुलकीचे, परंतु."

'तुमच्या' म्हणाली. एजन्सीच्या, असं तिला म्हणायचं असणार. मी विचारलं नाही. जिन्याचा कठडा धरून उभा राहिलो. वरच्या मजल्यावर कुणीतरी भांडी घासत होतं, त्याचा आवाज येत होता.

"खोटं लिहिलं असतं तर माझं काम गेलं असतं," ती म्हणाली. "धाकटीची फी आहे." मग तिने विचारलं, "एक सांगा. तुम्ही पहिल्यांदा असं कुणाबद्दल लिहिलंत, त्या रात्री तुम्हाला झोप लागली होती?"

आत्ता सांगता आलं असतं. ती जणू दार उघडून उभी होती, मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं. निदान एक खोटं तरी बोलता आलं असतं, रात्रभर तळमळलो म्हणून. तिला तेवढंच बरं वाटलं असतं.

"लागली होती," मी म्हणालो. "छान लागली होती."

"मग मलाही लागेल," ती म्हणाली, आणि फोन तिनेच ठेवला.